जुनी नॅरोबोट : निगा आणि दुरुस्ती

कालवा म्हटला की भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम पाटबंधारे उभे राहतात. नीरेचा कालवा काय किंवा गंगेचा कालवा काय, तो शेतांना पाणी पोचविण्यासाठी काढलेला असतो. इंग्लंडमधील कालव्यांचा उद्देश निराळा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जे कालवे खोदले गेले ते मुख्यतः कोळसा, मीठ, चिनी माती यांसारखा जड माल वाहून नेण्यासाठी. चढउताराच्या मुलखातून पाण्याचा मार्ग न्यायचा तर त्याला पायऱ्या कराव्या लागतात. या पायऱ्या म्हणजे जलपाश. तेथे त्यांना लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना दारे असलेल्या या हौदात नौका शिरते, पाणी भरले की वर चढते आणि सोडले की खाली उतरते. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १७६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर हे हौद सुमारे ७२ फूट लांब आणि अवघे ७ फूट रुंद ठेवले. अरुंद हौदाला बांधकाम कमी लागते आणि नौकेच्या प्रत्येक चढउताराला पाणीही कमी खर्च होते. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला व कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. परंतु मध्य इंग्लंडमधील नौकांची रुंदी या एका निर्णयाने कायमची निश्चित होऊन गेली.

या मापाच्या नौकेला नॅरोबोट म्हणतात. ‘अरुंद नौका’ असे भाषांतर करता आले असते, पण त्याने केवळ आकाराचा बोध होतो. सात फुटांहून किंचित कमी रुंद, साधारणतः तीस ते सत्तर फूट लांब आणि तळाला सपाट अशी ही नौकांची एक स्वतंत्र जातच आहे. म्हणून मूळ शब्द तसाच ठेवला आहे.

पूर्वी या नौका घोडे ओढीत, पुढे त्यांत इंजिने आली. नौका चालविणारे कुटुंब मागच्या बाजूच्या दहा फुटांच्या खोलीत संसार करी. रेल्वेने आणि नंतर मोटारवाहतुकीने हा धंदा हळूहळू बुडविला. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या मालकीचे झाले, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून पडले तेव्हा उरल्यासुरल्या मालवाहतुकीचाही बहुतांशी शेवट झाला. दरम्यान एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे आपल्या कालवाप्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले होते आणि १९४६ मध्ये कालव्यांच्या रक्षणासाठी एक संघटनाही उभी राहिली होती. त्यातून हौशी लोकांचे लक्ष या जलमार्गांकडे वळले. मालासाठी नव्हे, तर सहलीसाठी आणि राहण्यासाठी पोलादी नौका बांधल्या जाऊ लागल्या. १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या अशा पुष्कळ नौका आजही पाण्यावर आहेत आणि हातोहात विकल्या जात आहेत. त्या विकत घेणाऱ्यांत सुटीपुरते नौकेवर जाणारे लोक असतात, तसेच शहरातील घरभाडे परवडत नाही म्हणून नौकेलाच घर करणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या मालकाची सारी पुंजी त्या पोलादी पेटीत गुंतलेली असते.

नवखा ग्राहक नौका पाहायला येतो तेव्हा त्याला लाकडी अस्तराची उबदार खोली, छोटी शेगडी, पितळेच्या कड्या, दारावर रंगविलेले गुलाब आणि किल्ले दिसतात. हे सर्व पाण्याच्या वरचे आहे. जुन्या नौकेचे खरे मोल मात्र पाण्याखाली असते, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. वरच्या बहुतेक गोष्टी बिघडल्या तरी नौका तरंगत राहते. तळाचा पत्रा एका ठिकाणी संपला, तर वरचे सर्व काही काही तासांत पाण्यात जाते. म्हणून जुन्या नौकेच्या मालकाने प्रथम शिकायचे ते हत्यार चालविणे नव्हे, तर पाणी कोठे आहे आणि पोलाद किती उरले आहे हे पाहणे.

पोलादी नॅरोबोटीचे वर्णन करताना तेथील कारागीर तीन आकडे सांगतात. पहिला तळाच्या पत्र्याच्या जाडीचा, दुसरा बाजूंचा, तिसरा वरच्या खोलीच्या भिंतींचा. अलीकडच्या नौकांत हे आकडे बहुधा १०, ६ आणि ४ मि.मी. असे असतात. जुन्या नौकांत तळ आणि बाजू दोन्ही ६ मि.मी., तर काहींत बाजू ५ किंवा ४ मि.मी. इतक्याच जाडीच्या असत. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी ज्या नौकेने कमी पुंजीवर संसार सुरू केला, तिच्याजवळ आज झिजायला फारसे उरलेले नसते.

गंज पत्र्यावर सर्वत्र सारखा चढत असता, तर हिशेब सोपा झाला असता. तसे होत नाही. पाण्याची रेषा जेथे बाजूला लागते त्या वीतभर पट्ट्यात पोलाद आळीपाळीने भिजते व सुकते, हवेतील प्राणवायू त्याला भरपूर मिळतो, आणि तरंगता कचरा व काठ यांच्याशी घासून रंगही तेथेच आधी निघतो. साहजिकच क्षरण तेथे जास्त. त्याहून फसवा प्रकार म्हणजे खळगे पडणे. पत्र्याचा मोठा भाग जवळजवळ शाबूत असतो आणि मधेच एखाद्या ठिकाणी, रंगाच्या बारीकशा फोडाखाली, पोलाद खोल कोरले जात असते. काही वेळा यात विशिष्ट जिवाणूंचाही हात असतो. मूळ ६ मि.मी. जाडीच्या पत्र्यात अडीच मि.मी.चा खळगा पडला, तर त्या बिंदूपाशी साडेतीनच उरतात, मग भोवतालचा पत्रा साडेपाच का असेना. पाण्याला आत यायला सरासरी लागत नाही. एक बिंदू पुरतो.

म्हणून नौका घेण्यापूर्वी, आणि घेतल्यावरही दर काही वर्षांनी, ती पाण्याबाहेर काढून जाणत्या सर्वेक्षकाकडून तपासून घेणे आवश्यक असते. सुक्या गोदीत किंवा यारीने उचलून ती बाहेर काढतात, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेवाळ धुतात. मग सर्वेक्षक हातोडीने पत्रा ठोकत जातो. चांगले पोलाद खणखणीत वाजते; झिजलेले, किंवा ज्याच्या आत गंजाचे पापुद्रे साठले आहेत ते, बोदे वाजते. त्यानंतर श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणाने ठिकठिकाणी जाडी मोजली जाते. उपकरण पत्र्याच्या एका बाजूने ध्वनी सोडते, तो पलीकडच्या पृष्ठावरून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून जाडी कळते. उरलेली जाडी ४ मि.मी.च्या खाली गेली की बहुतेक विमा कंपन्या कुरकुर करू लागतात. चार हा काही पोलादाचा नैसर्गिक नियम नव्हे. योग्य जागी असलेला साडेतीन मि.मी.चा पत्रा आणखी बरीच वर्षे काढू शकतो. पण कालव्यावर नौका ठेवण्याचा परवाना हवा तर निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा लागतोच. आणि जुन्या नौकेचा विमा, विशेषतः पूर्ण स्वरूपाचा, सर्वेक्षकाच्या अहवालावर अवलंबून असतो. नौका हेच ज्याचे घर आहे त्याच्या दृष्टीने हा कागद घराच्या खरेदीखताइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तपासणीच्या दिवशी मालकाने स्वतः हजर राहावे, जुने कपडे घालून तळाखाली डोकवावे, आणि जेथे जेथे आकडा लहान आला तेथे खडूने खूण करून घ्यावी. छापील अहवाल नंतर मिळतोच. पण खळगा बोटाने चाचपून पाहिला म्हणजे पुढच्या वेळी तो ओळखता येतो.

पत्रा पातळ झाल्याचे कळल्यावर तीन मार्ग असतात. खळगे मोजके असतील तर ते घासून स्वच्छ करून वेल्डिंगने भरता येतात. झीज विस्तृत असेल तर जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून कडेने सलग वेल्डिंग करतात. तिसरा मार्ग म्हणजे खराब भाग कापून काढून तेथे नवा बसविणे. तो सर्वांत चांगला आणि सर्वांत खर्चाचा, कारण त्यासाठी आतली लाकडी सजावट उखडावी लागते. व्यवहारात दुसरा मार्गच अधिक चालतो. त्याचा एक परिणाम मात्र नवख्याच्या ध्यानात येत नाही. पन्नास फूट लांब नौकेच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते. त्यावर ५ मि.मी. जाडीचा पत्रा चढविला तर वजन सव्वा टनाने वाढते आणि नौका पाण्यात तीन-साडेतीन सेंटिमीटर अधिक बसते. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण जुन्या नौकांच्या बाजूला, पाण्याच्या रेषेपासून थोड्याच उंचीवर, मोरीचे, इंजिनाच्या धुराचे, हवेचे असे अनेक झरोके असतात. ते तेवढे पाण्याजवळ येतात. म्हणून नवा पत्रा चढविताना आतले भरताड, म्हणजे नौका स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवलेल्या विटा वा फरशा, तेवढ्याच वजनाने कमी करावे लागते. हा हिशेब गोदीतील कारागिराला आधीच विचारावा.

आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे. पत्र्याच्या बाहेर वेल्डिंग चालू असते तेव्हा आतला पृष्ठभाग तापून लाल होतो, आणि त्याला चिकटून उष्णतारोधक फोम, लाकूड, वायरी असतात. आत पाण्याची बादली व अग्निशामक घेऊन एक माणूस बसविल्याशिवाय हे काम सुरू करू देऊ नये.

सुदैवाने अशा मोठ्या दुरुस्तीची पाळी पुष्कळदा लांबविता येते, आणि त्याचा उपाय जुनाच आहे : डांबर. लाकडी नौकांच्या काळी डांबर, घोड्याची लीद आणि गाईचे केस यांचे शिजविलेले मिश्रण फळ्यांना फासत. आता डब्यातले डांबरी लेपन मिळते. दर दोन ते तीन वर्षांनी नौका बाहेर काढून, धुऊन, सुटा गंज खरवडून दोन-तीन हात द्यायचे, पाण्याच्या रेषेपाशी एखादा हात जास्त, एवढेच काम. नवखा मालक हे स्वतः करू शकतो, आणि त्याने ते करावे. यश ब्रशापेक्षा तयारीवर अवलंबून असते. ओल्या किंवा पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर कितीही जाड थर दिला तरी तो गंजासकट गळून पडतो. दव पडण्याच्या वेळी किंवा कडाक्याच्या थंडीत लेप देऊ नये. जुन्या नौकांचा तळ कित्येकदा कोराच सोडलेला आढळतो. तेथे प्राणवायू कमी, म्हणून गंजही कमी, असे पूर्वी सांगत. त्यात काही तथ्य असले तरी उचलून धरलेली नौका समोर असताना तळ तसाच सोडण्यात शहाणपण नाही. दोन घटकांचे इपॉक्सी लेपन डांबराहून बराच काळ टिकते, परंतु ते डांबरावर बसत नाही. त्यासाठी आधी वाळूसारख्या खरड कणांच्या माऱ्याने पत्रा उघडा करावा लागतो.

लेपाबरोबर धनाग्रेही पाहावीत. नौकेच्या बाजूंना, पुढच्या आणि मागच्या टोकांजवळ, धातूचे ओबडधोबड ठोकळे जोडलेले असतात. पोलाद, कालव्याचे पाणी आणि ब्राँझचा पंखा मिळून एक प्रकारची विद्युत्‌घटमाला तयार होते, आणि तीत पोलाद झिजू लागते. त्याहून लवकर झिजणारा धातू जोडून दिला की झीज तो आपल्या अंगावर घेतो. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम वापरतात. जस्त समुद्राच्या पाण्यात चांगले काम करते, कालव्यात ते बहुधा निष्क्रिय राहते. धनाग्र झिजलेले दिसले तर खंत करू नये, ते आपले काम करीत आहे. दहा वर्षांत मुळीच झिजले नसेल तर मात्र चौकशी करावी.

किनाऱ्यावरील वीज घेणाऱ्या नौकेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. घाटावरील विजेच्या जोडणीतील अर्थिंगची तार शेजारच्या सर्व नौकांचे पोलाद एकमेकांना जोडते. परिणामी आपली धनाग्रे शेजाऱ्याच्या नौकेचे रक्षण करू लागतात, आणि ती संपली की आपला पत्रा ते काम पुढे चालवितो. अर्थिंग तोडणे हा यावरील उपाय नव्हे. तो प्राणघातक ठरेल. या तारेत बसविण्याचे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचे छोटे उपकरण मिळते. ते दोषाच्या वेळी विजेला वाट देते, पण क्षरण घडविणारा अल्प दाबाचा प्रवाह अडविते. अधिक खर्चाची तयारी असेल तर विलगक ट्रान्सफॉर्मर याहून चांगला.

येथवर बाहेरच्या बाजूचा विचार झाला. पत्रा आतूनही गंजतो, आणि त्याची वाच्यता कमी होते. नौकेच्या मागच्या टोकाकडे, फरशीच्या फळ्यांत, एक लहानसे झाकण असते किंवा असायला हवे. ते उघडून खाली तळाचा पत्रा पाहता येतो. नौका सहसा मागे किंचित खोल बसत असल्याने आत कोठेही पडलेले पाणी वाहत तेथे येते. नवी खरेदी केलेली नौका ताब्यात आल्यावर पहिल्याच दिवशी उघडायचे ते हे झाकण. तेथे पाणी आढळले तर घाबरून जाण्यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहे ते शोधावे. ते पावसाचे असेल, खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले. थंडीत पत्र्याच्या आतल्या अंगाला जमून ओघळलेले दव असेल. नळाच्या सांध्यातून किंवा न्हाणीच्या मोरीतून गळलेले असेल. किंवा, आणि ही शक्यता सर्वांत शेवटची असली तरी सर्वांत गंभीर, कालव्याचे असेल. फडक्याने जागा कोरडी करावी, कोरडा कागद अंथरावा आणि नोंद ठेवावी. पावसानंतर ओल आली की खिडक्या. पाण्याचा पंप कोणी नळ उघडलेला नसताना अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर नळ. हवा कोरडी, नळ बंद आणि तरीही ओल रोज सारखीच वाढते, तर नौका बाहेर काढण्याची तयारी. पुष्कळ जुन्या नौकांत पिण्याच्या पाण्याची टाकी पुढच्या टोकाशी पत्र्याचीच बनविलेली असते, म्हणजे टाकीची बाहेरची भिंत हीच नौकेची भिंत. तिच्या आतील गंज कोणी वर्षानुवर्षे पाहत नाही. ती रिकामी करून, आत योग्य रंग देणे हे कंटाळवाणे पण टाळू नये असे काम आहे.

आता ज्या एका ठिकाणी नौकेला मुद्दाम भोक पाडलेले असते तिकडे वळू. इंजिनाचा दांडा नौकेबाहेरील पंख्याला फिरवितो, तेव्हा तो पाण्याखालून बाहेर जाणे भाग असते. या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून दांड्याभोवती स्टफिंग बॉक्स बसवितात. त्यात चरबी लावलेल्या चौकोनी दोरीची कडी ठासून दोन नटांनी आवळलेली असतात, आणि शेजारच्या पितळी नळकांड्यातून ग्रीस भरण्याची सोय असते. दिवसाचा प्रवास संपला की या नळकांड्याची मूठ एखादा फेरा, हाताला जोर लागेपर्यंत, फिरवायची. दांडा फिरत असताना अधूनमधून एखादा थेंब पडणे स्वाभाविक आहे. त्यानेच दांडा थंड राहतो. नौका उभी असतानाही थेंब थांबत नसतील तर दोन्ही नट सारखे, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आवळावेत. नवखे लोक थेंब दिसताच नट करकचून आवळतात. मग दोरी जळते, दांड्यावर चरे पडतात, आणि त्यानंतर कितीही नवी दोरी घातली तरी गळती राहतेच.

सेकंदाला एक थेंब म्हणजे किती पाणी, याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. दिवसाला ते सुमारे चार लिटर भरते. तळाचे पाणी उपसणारा विजेवरचा पंप ते सहज बाहेर टाकतो, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण हिवाळ्यात तीन महिने नौका एकटी पडली, बॅटरी उतरली आणि पंप थांबला, तर तेवढ्याच थेंबांनी साडेतीनशे लिटरांहून अधिक पाणी मागच्या टोकाशी साठते. त्या वजनाने मागची बाजू खाली जाते, एखाद्या झरोक्याची कड पाण्याला टेकते, आणि तेथून थेंबांचा हिशेब संपतो. पाण्याच्या पातळीखाली फूटभर असलेल्या एक इंच व्यासाच्या भोकातून मिनिटाला चाळीसएक लिटर पाणी आत येते. बंद पडून राहिलेल्या नौका बुडतात त्या पुष्कळदा अशाच, मोठ्या अपघाताशिवाय.

याच भागात पंख्याच्या वर एक चौकोनी झडप असते. पंख्यात अडकलेला कचरा हाताने काढण्यासाठी ती ठेवलेली असते. कालव्यात काय सापडेल याला सुमार नाही : दोर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाद्यांच्या स्प्रिंगा, आणि भारतीय वस्तीच्या साउथॉलसारख्या भागात कधी एखादी साडीही. झडपेत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. काम झाल्यावर झाकण नीट बसवून, आवळून, मग इंजिन सुरू करून, ते कोरडे राहते आहे ना हे पाहावे. सैल झाकणातून पंखा स्वतःच पाणी आत फेकतो, आणि चालती नौका काही मिनिटांत भरू शकते.

इंजिनाबद्दल नवख्याला सर्वांत अधिक धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. जुन्या नॅरोबोटींतील डिझेल इंजिने साधी, मंद गतीची आणि क्षमाशील असतात, आणि भारतीय वाचकाला ती अगदीच अनोळखी नाहीत. डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याची हवेने थंड होणारी दोन वा तीन सिलिंडरांची इंजिने अनेक नौकांत आहेत. याच कारखान्याच्या जुन्या नमुन्यावरून राजकोटकडे बनलेल्या इंजिनांनी आपल्याकडे कित्येक विहिरींचे पाणी उपसले. १९७० व १९८० च्या दशकांत आणखी एक इंजिन लोकप्रिय होते : बी.एम.सी. कंपनीचे दीड लिटरचे डिझेल. तेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या डिझेल अँबॅसॅडरमध्ये बसविलेले असे. ब्रिटनमध्ये त्याचे उत्पादन थांबल्यावर नौकांना लागणारे काही सुटे भाग भारतात तयार झालेले वापरले गेले. कोलकात्याच्या टॅक्सीतील तज्ज्ञ मिस्त्रीला ऑक्सफर्ड कालव्यावरील नौकेच्या इंजिनघरात फारसे परके वाटले नसते.

तेल आणि गाळण्या वेळच्या वेळी बदलणे, पट्टे ताणलेले ठेवणे, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात गोठणरोधक द्रव भरणे, एवढे केले तर असे इंजिन मालकाहून अधिक जगते. बहुतेक तक्रारींचे मूळ इंजिनात नसून डिझेलात असते. अर्धवट रिकाम्या टाकीत थंडीने दव जमते, पाणी तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा काळा गाळ वाढून गाळणी बुजवितो. हिवाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवणे आणि तळाचे पाणी काढून टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय.

गॅस आणि शेगडी यांच्या बाबतीत मात्र धास्ती योग्य आहे. घरात गळलेला गॅस दाराच्या फटीतून जमिनीलगत बाहेर जाऊ शकतो. नौका म्हणजे एक बंद टब आहे. हवेहून जड असलेला हा वायू तिच्या तळाशी साठून राहतो. म्हणूनच सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याचे भोक थेट बाहेर, पाण्याच्या वर, उघडते. ते भोक पानांनी किंवा रंगाने बुजले नाही ना, हे कोणालाही पाहता येते. नळ्यांचे काम मात्र अधिकृत कारागिराकडेच सोपवावे. शेगडीचा धोका वेगळा. धुराड्याचा सांधा तडकला किंवा थंडी वाजते म्हणून हवेचे झरोके चिंध्यांनी बंद केले, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या खाजगी नौकांवर या वायूची सूचना देणारी घंटा सक्तीची झाली आहे. दर चार वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा तपासणीत ती पाहतात. पण तिचे बटण दाबून पाहायला चार वर्षे थांबण्याचे कारण नाही. जुन्या वायरींबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उष्णतारोधक म्हणून पॉलिस्टायरीनच्या पांढऱ्या लाद्या वापरल्या असतील आणि वायरी त्यांना चिकटून गेल्या असतील, तर काही वर्षांत वायरींचे आवरण कडक होऊन तडकते. अस्तराची एखादी फळी सोडवून हे एकदा पाहून घ्यावे.

बाहेरचा रंग, गुलाब-किल्ल्यांची चित्रे, पितळेची झळाळी यांविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. ती कामे आनंदाची आहेत आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतात. छपरावर रंगाला फोड येऊन गंज दिसू लागला असेल तेवढा मात्र खरवडून त्यावर गंजरोधक लावून टाकावा. खिडक्यांचे गळणेही लवकर थांबवावे, कारण तेथून आलेले पाणी शेवटी त्या मागच्या झाकणाखालीच जाते.

पहिल्या वर्षाचा पैसा मर्यादित असेल, आणि तो बहुधा असतोच, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी गॅस, शेगडी आणि घंटा, मग नौका बाहेर काढून तपासणी, लेप व धनाग्रे, मग स्टफिंग बॉक्स, उपसा पंप आणि त्याची बॅटरी, त्यानंतर इंजिन. एक वही करून तीत इंजिनाचे तास, ग्रीसचे फेरे, झाकणाखालची ओल आणि सर्वेक्षकाने मोजलेली जाडी तारखेसह लिहून ठेवावी. ही वही असली म्हणजे पुढच्या सर्वेक्षकाला मागील मोजणीशी तुलना करून झिजेचा वेग सांगता येतो. एकाच मोजणीवरून तो कोणालाही सांगता येत नाही.

नोव्हेंबरात, पहिल्या कडक थंडीपूर्वी, नौका काही काळ सोडून जायचे असेल तर पाण्याचा पंप बंद करून सर्व नळ उघडे ठेवावेत व पाणी उष्ण करणाऱ्या यंत्रातून ते पूर्ण काढून टाकावे. गोठलेले पाणी तांब्याची नळी फोडते आणि ते बर्फ वितळेपर्यंत कळत नाही. ग्रीसचा एक जादा फेरा द्यावा, बॅटरी पूर्ण भरावी, कप्प्यातील सिलिंडर बंद करावा. दोर थोडे सैल बांधावेत, म्हणजे कालव्याची पातळी खालीवर झाली तरी नौका काठाला लटकणार नाही. आणि शक्य असेल तर दर पंधरवड्यास कोणाला तरी येऊन ते मागचे झाकण उघडून पाहायला सांगावे.